ड्रममध्ये सांडलेला आवाज

आमच्या बँडचं नाव दादाने ठेवलंय, म्हणून मी ते तोंडाने घेत नाही. ज्याला हवं त्याने पोस्टरवर वाचावं. पोस्टरवर दादाचा चेहरा आहे, त्याच्या खांद्यामागे आमच्या ड्रमवाल्याचा, गादीचा, अर्धा कान आहे, आणि माझा डावा हात आहे, कोपरापर्यंत. फोटो कापला तेव्हा वहिनी म्हणाली, "अगं, हातसुद्धा किती बोलतो तुझा!" बोलतो तर. त्या वेळी तो हात काय करायला शिवशिवत होता ते माझं मला माहीत.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. तो गातो, आणि गळ्यात गिटार अडकवतो. वाजवतो म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मी बास वाजवते आणि गाणी करते. ड्रमवर गादी. त्याचं सोफे-खुर्च्या शिवायचं दुकान आहे, म्हणून गादी. आणि दादाची बायको, म्हणजे वहिनी, ही आमची मॅनेजर. तिला नेमलं कोणी? कोणीच नाही. एका कार्यक्रमाला ती पाण्याच्या बाटल्या घेऊन आली आणि परत निघताना मॅनेजर होऊन निघाली.

आधीची दोन गाणी लोकांनी बऱ्यापैकी उचलून धरली. दोन्ही माझी. पण खाली नाव काय? 'शब्द आणि चाल : बँड.' हा वहिनीचा नियम. "बँड म्हणजे कुटुंबच गं, आणि कुटुंबात माझं-तुझं करायचं नसतं." नवऱ्याचा चेहरा मात्र अख्खा छापायचा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात. तो नागोबा निदान बिळात गप्प पडून तरी राहत असेल. आमचा नागोबा मुलाखती देतो. एका मुलाखतीत तर म्हणाला, "गाणं मला झोपेत सुचतं." झोपेत सुचतं हे खरंय. त्याच्या झोपेत, मला.

तर हे तिसरं गाणं. ते मी आणलं तेव्हा पहिल्यांदाच तोंड उघडून मागितलं. म्हटलं, "हे मी गाणार."

दादा हसला. "बुटके, बँडला एकच आवाज असतो."

"असं कुठे लिहिलंय?"

"लोकांच्या कानात लिहिलंय."

वहिनीने अशी मान डोलावली की जणू काय मोठं वेदवाक्य ऐकलं. मी म्हटलं, एकच गाणं, एकदाच. मला पोस्टर नको, नाव नको, काही नको. हे एक गाणं माझ्या आवाजात लोकांपर्यंत जाऊ दे. दादा म्हणाला, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'मेलीस तरी नाही'. आठवड्याभरात वहिनीने तारीखही जाहीर करून टाकली, खाली ओळ टाकून : 'एक नवं गाणं, तोच लाडका आवाज.' वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चष्म्याच्या दुकानात असते मी, गिऱ्हाइकांचे डोळे तपासते. त्या दिवशी एका म्हाताऱ्याला मी इतक्या जोरात विचारलं, "हे स्पष्ट दिसतं की ते?" की तो बिचारा म्हणाला, "दोन्ही दिसतात हो, चिडू नका."

आता ड्रमची भानगड सांगते, कारण पुढचा सगळा तमाशा तिथूनच झाला.

आम्ही ड्रम गादीच्या दुकानातच रेकॉर्ड करतो. रेकॉर्डिंग सांभाळणारा आमचा कानसेन. त्याला आम्ही कानसेनच म्हणतो; स्वतः कधी गुणगुणत नाही, पण शेजारच्या खोलीत टाचणी पडली तरी सांगेल कुठल्या धातूची. तो म्हणतो, गादीच्या दुकानासारखी खोली नाही. भिंतीला फोमचे तक्ते उभे, वर रेक्झिनचे गुंडाळे, मध्ये पोट फाडून ठेवलेले सोफे. आवाज गेला की तिथेच मुरतो, परत येत नाही. फक्त चिकटवायच्या सोल्युशनचा वास डोक्यात जातो, त्याला इलाज नाही.

आणि गादीची एक खोड आहे. सगळे ड्रमवाले कानाला हेडफोन लावतात, दुसऱ्या खोलीतून कोणीतरी कच्च्या आवाजात गाणं म्हणतं, ते ऐकत हे वाजवतात, आणि मग तो कच्चा आवाज काढून टाकतात. गादीला ते चालत नाही. कानावर काही घातलं की त्याचा जीव गुदमरतो. आणि दुसरं म्हणजे त्याला गाणाऱ्याचं तोंड दिसावं लागतं. तो गाणं ऐकून वाजवत नाहीच. तोंडाकडे बघून वाजवतो. श्वास कुठे घेतला, ओठ कधी मिटले, त्यावर त्याचे हात चालतात. त्यामुळे कोणीतरी त्याच्या समोर, हाताच्या अंतरावर उभं राहून गायचं. कानसेनने शंभरदा सांगितलं, असं करू नका, पस्तावाल. ऐकतंय कोण! दादाचा आवाज ड्रमच्या माईकमध्ये सांडला तरी वर पुन्हा दादाच गाणार, तर बिघडलं कुठे, असं आमचं शहाणपण. दोन गाणी तशीच निभावली.

या वेळी ड्रमच्या दिवशी दादा नव्हता. वहिनीने त्याला फोटो काढायला नेलं होतं, उजेड चांगला आहे म्हणून. मग काय, मी उभी राहिले गादीसमोर आणि गायले. कच्चं म्हणून नाही गायले. काढून टाकणारच आहेत तर निदान एकदा तरी मनासारखं गाऊ दे, असं म्हणून गायले.

गादीने त्या दिवशी असं काही वाजवलं की मला वाटलं हा माणूस रोज सोफे का शिवतो. शेवटचा ठोका पडल्यावर त्याने काड्या खाली ठेवल्या आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. म्हणाला, सोल्युशन झोंबलं.

आठवड्याने दादाने कानसेनच्या घरी जाऊन आपलं गाणं गायलं. घरच्या मागच्या खोलीत त्याचं सामान असतं, खिडकीला जाड ब्लँकेट ठोकलेलं. मग सगळं एकत्र करून ऐकायला आम्हाला बोलावलं. गाणं सुरू झालं. दादाने पहिली ओळ ताणली, थांबला, आणि तो थांबला त्या फटीतून मी ऐकू आले. बारीक, लांबून, पण मीच. दादाच्या आधी कुठे, नंतर कुठे. जणू भिंतीपलीकडे कोणीतरी तेच गाणं नीट म्हणतंय.

"हे काय आहे?" वहिनी किंचाळली.

"ही," कानसेन माझ्याकडे बोट करून म्हणाला. "ड्रमच्या सगळ्या माईकमध्ये सांडलीय. काढता येत नाही. तिला काढलं तर ड्रम जातात."

खरं सांगते, मला इतका आनंद झाला की मी खाली मान घातली. बघितलं असतं कोणी तर मारलं असतं.

दादा लाल झाला. "तू मुद्दाम मोठ्याने गायलीस."

"गादीला ऐकू जायला नको?"

"तो तोंड बघून वाजवतो! तोंड हलवायचं होतंस नुसतं!"

"मग फोटो काढायला कशाला गेलास? तोंड तुझं गादीसमोर पाहिजे होतं, पोस्टरवर नाही."

वहिनी मध्ये पडली. "हे बघा वन्सं," ती मला चिडली की वन्सं म्हणते, एरवी नावाने, "तारीख जाहीर झालीय. ड्रम पुन्हा वाजवू. संपला विषय."

दुसऱ्या दिवशी पुन्हा गादीचं दुकान. या वेळी समोर दादा. गादी वाजवायला लागला आणि दोन ओळींत थांबला. पुन्हा सुरू, पुन्हा थांबला. दादा म्हणाला, खोलीत वास फार आहे. मग म्हणाला, खुर्ची नीट नाही. मग म्हणाला, तूच ढिला वाजवतोयस. नाचता येईना आणि अंगण वाकडं! शेवटी गादीने काड्या ठेवल्या. "मला नाही जमत. हा तोंडच असं करतो, जणू प्रत्येक शब्दाला फोटोसाठी थांबलाय. याचा श्वास कुठे आहे तेच दिसत नाही. तो दिवस जो होता तो होता. तेच ठेवा, नाहीतर मला सोडा, माझी एक सेटी आज द्यायचीय."

"म्हणजे तिच्याकडे बघून जमतं आणि माझ्याकडे बघून जमत नाही?" दादाने विचारलं.

गादी स्टेपलरची पिन भरत होता. "हो," म्हणाला. लांबण लावायची त्याला सवयच नाही.

आम्ही परत कानसेनकडे. तो म्हणाला, रस्ते दोनच. एकतर ड्रमच नको, मशीन लावा. ते ऐकून गादीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने तो रस्ता लगेच मागे घेतला. दुसरा रस्ता : दादाने माझ्या आवाजावर तंतोतंत बसेल असं गायचं. शब्दाला शब्द, श्वासाला श्वास; त्यासाठी मी त्याच्यासमोर उभं राहून ओठ हलवून दाखवायचे. मग दोघांचा मिळून एकच वाटेल, आणि मोठा दादाचा असल्यामुळे दादाचाच वाटेल. मी खाली झाकली जाईन.

"तिसरा रस्ता आहे," मी म्हटलं. "ड्रम आहेत तसे ठेवा, आणि वर मी गाते. माझं माझ्यावर बसेलच."

गादी म्हणाला, "बरोबर आहे की." कानसेनने मान हलवली. दादा भिंतीकडे बघत राहिला. आणि वहिनी म्हणाली, "तुझा आवाज वाईट आहे असं नाही म्हणत मी. पण लोक विचारतील ना, दादाला काय झालं म्हणून."

"सांगा, फोटो काढायला गेला."

मग जे व्हायचं तेच झालं. आईला मध्ये घातलं. संध्याकाळी आईचा फोन. आईने गाणं ऐकलेलं नाही, कुठलं गाणं, काय गाणं, काही माहीत नाही. तिला एवढंच कळलेलं की मी दादाला अडवून धरलंय. "अगं, मोठा भाऊ आहे तो. समोर उभं राहून नुसतं तोंड हलवायचंय म्हणे. त्याच्यासाठी एवढंसं कर ना. तू समजूतदार आहेस."

समजूतदार! ज्याच्या ताटातलं काढून घ्यायचं असतं त्यालाच समजूतदार म्हणतात. मी फोन ठेवला आणि पाच मिनिटं नुसती येरझाऱ्या घालत होते. मग डोक्यात एक विचार आला, आणि तो इतका गोड होता की माझा राग एकदम थंड झाला. जमणारच नाही त्याला! दादाला आपल्या दमसासाचा केवढा गर्व. एका दमात लांबच लांब ओळ ओढायची आणि टाळ्यांची वाट बघायची, ही त्याची गायकी. आणि माझं गाणं सगळं थांबण्यावर. 'मला अजून थोडं' म्हटल्यावर मी श्वास घेते, आणि मग 'ऐकायचंय' येतं. तिथे थांबायचं या माणसाला सात जन्मांत कळणार नाही. सगळ्यांच्या देखत तोंडावर आपटेल, तारीख डोक्यावर, मग जातील कुठे? येतील माझ्याच दाराशी.

मी वहिनीला फोन करून म्हटलं, "येते. उभी राहते समोर." वहिनी म्हणाली, "शहाणी गं माझी." मी म्हटलं, "बघच आता."

कानसेनच्या खोलीत सकाळी सुरू झालं. दोघांच्या कानाला हेडफोन. कानात गादीचे ड्रम, आणि त्यात मी. दादा माईकसमोर, मी त्याच्यासमोर, नुसती ओठ हलवत. मी मुद्दाम नीट हलवत होते, कोणी म्हणायला नको की हिने फसवलं. दादा पहिल्याच ओळीला पुढे पळाला. पुन्हा. पुन्हा पळाला. 'मला अजून थोडं ऐकायचंय' एका दमात म्हणून मोकळा. कानसेन काचेपलीकडून म्हणायचा, "दिसतेय ती अजून." जितक्या वेळा तो 'दिसतेय' म्हणाला, तितक्या वेळा मला आतून गुदगुल्या झाल्या. दादाने हेडफोन बदलला. पंखा बंद करवला. चहा कडू आहे म्हणाला. वहिनी सारखी फोनवर वेळ बघत होती. मी तर मनातल्या मनात स्वतःच्या गाण्याची तयारीसुद्धा सुरू केली.

मध्येच त्याने विचारलं, "या गाण्यात जातंय कोण गं?"

"तुला काय करायचंय?"

"समजलं तर गाता येईल ना."

"मुलगी समज कुठलीतरी. तुला खूप माहीत असतील."

वहिनीने माझ्याकडे डोळे वटारले. मी खोटं बोलले होते. मुलगी नाही. बाबा. दादा तेव्हा कॉलेजच्या हॉस्टेलवर होता, घरात आई आणि मी. बाबा बॅग घेऊन सकाळी निघाले, कायमचे. भांडण नाही, आरडाओरडा नाही. आई सपाट आवाजात एवढंच म्हणाली, "जाताना दार लोटून जा. कडी मी लावीन." आणि दार लोटल्यावर ती कडी न लावता तिथेच उभी राहिली, जिन्यावरची त्यांची पावलं संपेपर्यंत. मी पांघरुणात जागी होते. आईला वाटतं मी झोपले होते. लोकांना आमच्याकडे आजही 'ते बाहेरगावी असतात' एवढंच सांगतात. दादालाही फोनवर तेच सांगितलं होतं. पुढे त्याला कळलं ते आपोआप, पण कसे गेले हे त्याने कधी विचारलं नाही आणि आईने सांगितलं नाही. मीही नाही. मी गाणं केलं. 'जाताना दार नुसतं लोटून जा, कडी मी लावीन, घाई नाही. मला अजून थोडं ऐकायचंय, तुझं पाऊल खाली उतरताना.' तो श्वास माझा नाहीच. आई त्या दारात घेत होती तो आहे.

हे मी दादाला सांगितलं नाही. कशाला सांगू? तो आपटायला हवा होता मला.

जेवून आल्यावर दादाने बूट काढले. नुसत्या मोज्यांवर उभा राहिला आणि म्हणाला, "मी गात नाही. तू नुसतं तोंड हलव, मी बघतो." मी सगळं गाणं ओठांनी म्हटलं. तो बघत राहिला. "परत," म्हणाला. परत म्हटलं. आणि मला एकदम एक गोष्ट आठवली, जी मी या सगळ्या हिशेबात धरलीच नव्हती. दादा नकला फार चांगल्या करायचा. लहानपणी आत्याची चाल, मुख्याध्यापकांचं घसा खाकरणं, आईचं फोनवरचं 'हॅलो'. असं करायचा की पलीकडच्या खोलीतल्या माणसाने ओ द्यावी. गाणं त्याचं बेतास बात, पण नक्कल म्हणाल तर शंभर नंबरी.

तो गाणं गायलाच नाही. त्याने माझी नक्कल केली. पहिली ओळ आली आणि कानसेनने मान वर केली. 'मला अजून थोडं', आणि तो थांबला. मी घेते तसाच, छातीत अर्धवट अडकलेला श्वास घेतला, आणि मग, 'ऐकायचंय.' मी तिथल्या तिथे तोंड मिटू शकले असते. कोणी माझे ओठ धरले नव्हते. पण मला वाटलं, ही लागली नशिबाने, पुढच्या ओळीला नक्की आपटतो बघा. आणि पुढची ओळ द्यायला मी तोंड उघडलं. ती लागली. मग त्याच्या पुढची. आपटेल, आता आपटेल, म्हणत म्हणत मी त्याला सगळं गाणं दिलं.

कानसेनने ड्रमवर त्याचा आवाज चढवला आणि ऐकवलं. "गेली," म्हणाला. "आता ती दिसत नाही." माझ्याकडे बघवेना म्हणून की काय, तो काचेपलीकडे वायरी गुंडाळत बसला. वहिनीने टाळ्या वाजवल्या. दादा घामाघूम झाला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. मला म्हणाला, "भारी गाणं आहे गं, बुटके." वर आणखी शाबासकी! मी बास उचलला आणि निघाले.

शुक्रवारी संध्याकाळी गाणं आलं. वहिनीने आईच्याच घरी बैठक ठरवली. आशीर्वाद, फोटो, सगळं एका दगडात. दादा, वहिनी, आई, मी आणि गादी. गादी नव्या शर्टात अवघडून बसला होता. वहिनी मोठ्याने लोकांचे निरोप वाचून दाखवत होती. "'पहिल्यांदाच आतून गायलास.' 'रडवलंस मित्रा.' 'हा श्वास कुठून आणलास?' बघा, श्वासाचंसुद्धा कौतुक!" दादा "चला, काहीतरीच" म्हणत होता आणि पुढचा निरोप ऐकायला मान पुढे काढत होता. गादीने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"आईंना ऐकवा तरी आधी," म्हणत वहिनीने छोट्या स्पीकरवर गाणं लावलं.

आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. एक कान इकडे, एक तिकडे, कौतुकाने हसत. 'जाताना दार नुसतं लोटून जा' आलं आणि तिचे हात थांबले. 'कडी मी लावीन' ला तिने हातातला टॉवेल मांडीवर ठेवला. आणि तो श्वास आला तेव्हा आईने छातीवर हात ठेवला, जणू तिचाच कोणी काढून घेतला.

तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं की आई हे ऐकणार आहे. रागात माणूस आंधळा होतो म्हणतात. मी लोकांचे डोळे तपासते!

"हे तुला कोणी सांगितलं?" आईने दादाला विचारलं.

दादाला वाटलं कौतुक चाललंय. "कोणी नाही गं," म्हणाला, लाजल्यासारखं करून. "असंच. आतून आलं."

"आतून? तू तर हॉस्टेलवर होतास."

दादाचं हसू तसंच राहिलं, नुसते डोळे हलले. आईकडून माझ्याकडे, माझ्याकडून स्पीकरकडे. त्याला कळत गेलं ते मला दिसत गेलं. आणि कळल्याबरोबर माझ्या सख्ख्या भावाने काय करावं? "आई, हे हिचं आहे!" म्हणाला. "शब्द हिचे, चाल हिची, सगळं हिचंच. मला वाटलं कुठल्या मुलीबद्दल आहे. हिनेच तसं सांगितलं. मी आपला फक्त गायलो."

"हो आई," वहिनीने री ओढली, "पहिल्यापासून तिचंच आहे हे. आम्ही तर मध्ये कुठेच नव्हतो."

वर्षानुवर्षं जे मागून मिळालं नाही ते एका दमात पदरात पडलं. बँडचं गाणं अख्खंच्या अख्खं माझं झालं, सांगणाऱ्यांना धापसुद्धा लागली नाही. मला हसू यायला हवं होतं.

आई माझ्याकडे वळली. "जागी होतीस?"

"हो."

"आणि इतकी वर्षं गप्प बसलीस."

"तू बोलली नाहीस, म्हणून मी बोलले नाही."

"आणि आता चव्हाट्यावर मांडलंस." ती ओरडत नव्हती. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मांडायचंच होतं तर स्वतःच्या तोंडाने मांडायचंस. मी ऐकलं असतं. तू होतीस तिथे, तुला हक्क होता. याला काय ठाऊक? याच्या तोंडून कशाला वदवलंस?"

"तूच फोन केलास!" मी उसळले. "त्याच्यासाठी एवढंसं कर, म्हणालीस!"

"मला काय माहीत कुठलं गाणं ते," आई म्हणाली. "तुला माहीत होतं."

गादी चपला शोधायला लागला. वहिनीच्या फोनवर निरोप येतच होते, तिने तो पालथा घातला, पण स्पीकर बंद करायचं कोणाला सुचलं नाही. दादा दुसरं कडवं गात होता, आणि कुठे एक चूक करत नव्हता.